जास्वंदीवरील पांढरे किडे : शत्रू कोण, मित्र कोण?

चतुर्थीच्या दिवसांत टोपल्या भरभरून फुले देणारी आमच्या शाळेच्या फाटकाजवळची जास्वंद गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहतो तो तिची दशा ओळखू न येण्यासारखी झालेली! शेंडे मुडपलेले, पाने चुरगळून एकमेकांत गुंतलेली, कळ्या उमलण्यापूर्वीच गळून पडलेल्या, आणि देठांच्या बेचक्यांतून कोणी पिठी भुरभुरावी तसा पांढरा लेप. खालच्या पानांवर काजळी धरलेली आणि फांद्यांवरून मुंग्यांची अखंड ये-जा चाललेली. कीड लागली हे सांगावयास पंडिताची गरज नव्हती.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. वनस्पतींच्या रोगांविषयी आमचे ज्ञान आमच्या गोव्याकडील घराच्या परसापलीकडे गेलेले नव्हते. परंतु बागेची देखरेख आमच्याकडे असल्याने अधिकार मात्र आमचा होता. आणि अधिकार असला, म्हणजे ज्ञानाची उणीव मनुष्याला फारशी जाणवत नाही. आम्ही आठवीच्या मुलांना सांगितले, "पांढरे दिसेल ते सारे वेचा आणि जाळून टाका." मुलांनी आज्ञा तंतोतंत पाळली. त्यातही पिठासारख्या बारीक किड्यांपेक्षा मोठे, लोंबत्या मेणाच्या झिरमिळ्या अंगावर असलेले काही किडे मुलांना अधिक भेसूर वाटले. तेव्हा ते त्यांनी विशेष उत्साहाने वेचले. विहिरीमागील दोन झुडपे तेवढी अडचणीची जागा म्हणून राहून गेली.

महिन्याभराने पाहतो तो फाटकाजवळील झुडपांवर कीड पूर्वीपेक्षा दाट झालेली, आणि विहिरीमागची, हात न लावलेली झुडपे मात्र नव्या पालवीने हिरवीगार! हे कोडे आम्हांला सुटेना. सुटले ते एका विद्यार्थिनीमुळे. तिने वेचणीच्या दिवशीच त्या मोठ्या पांढऱ्या किड्यांपैकी एक, कुतूहलापोटी, काही कीड लागलेल्या डहाळ्यांसह बरणीत घातला होता व बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधले होते. ती बरणी घेऊन ती आमच्याकडे आली. "सर, हा किडा बाकीच्या किड्यांसारखा बसून राहत नव्हता, तुरुतुरु धावत होता, आणि त्याने बाकीचे सारे खाऊन टाकले. मग तो निपचित पडला, आणि आता त्यातून हे निघाले आहे." बरणीत मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान असा एक काळसर भुंगेरा फिरत होता. त्याचे डोके नारिंगी, आणि पाठीचा शेवटही नारिंगी.

आमच्या विज्ञानशिक्षक बंधूंनी तो पाहताच ओळखला. ज्यांना आम्ही कीड समजून जाळविले ते कीड खाणाऱ्या भुंगेऱ्याचे पिल्लू होते. शत्रूच्या छावणीत शत्रूचाच वेष घेऊन शिरलेल्या आपल्या शिपायांना आम्ही वेचून वेचून मारले होते! इतिहास शिकविणाऱ्याच्या हातून असे घडावे, याहून मोठी शरमेची गोष्ट कोणती? ह्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून गेले वर्षभर आम्ही ह्या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खवले कीड म्हणजे काय?

वनस्पतींचा रस शोषून जगणाऱ्या किड्यांचे एक मोठे कुल आहे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड ही सारी त्या कुलातील भावंडे. त्यांपैकी खवले किडीचे जीवन मोठे चमत्कारिक असते. अंड्यातून निघालेले पिल्लू राईच्या दाण्याहूनही लहान असते. त्याला सहा पाय असतात, आणि आयुष्यात खराखुरा प्रवास करण्याची संधी त्याला बहुधा याच वयात मिळते. थोडे चालून, किंवा वाऱ्यावर उडून, ते एखादी कोवळी डहाळी गाठते, आपली सुईसारखी सोंड तिच्यात खुपसते आणि तेथेच ठाण मांडते. पुढे अंगावर मेणाचे किंवा लाखेसारखे आवरण चढते. बहुतेक जातींत मादीचे पाय निरुपयोगी होतात किंवा गळून जातात, आणि ती माशाच्या खवल्यासारखी झाडाला चिकटून राहते. नराची कथा उलटी आहे. त्याला पंख फुटतात, पण तोंड नसते. म्हणून काही थोडे तास किंवा दिवस जगून तो मरतो. पिठ्या ढेकणाचे आवरण मात्र टणक नसून पिठासारखे असते आणि त्याची मादी मंदगतीने का होईना, चालू शकते.

झाडाचा रस म्हणजे जवळजवळ साखरेचे पाणीच. त्यातील अल्प पोषणद्रव्यांसाठी ह्या किड्यांना पुष्कळ रस प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर ते पातळ, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. ह्या गोड थेंबांवर काळी बुरशी वाढते. जास्वंदीच्या पानांवरील काजळी ती हीच. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, परंतु सूर्यप्रकाश अडवून ती पानाची अन्न तयार करण्याची शक्ती घटविते. म्हणजे एका किडीमुळे झाडावर दोन संकटे येतात: रस जातो आणि प्रकाशही जातो.

आता मुंग्या. त्या गोड थेंबांसाठी येतात आणि मोबदल्यात किडीचे रक्षण करतात. किडीचा शत्रू जवळ आला की मुंग्या त्याला चावून हुसकून लावतात. गवळ्याने गाई राखाव्या तसा हा प्रकार आहे. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तर ती कोठे जाते हे पाहावे. पुष्कळदा ती आपल्याला थेट किडीच्या वस्तीकडे नेते.

परंतु ह्या कुलातील सर्वच किडे मनुष्याचे वैरी नाहीत. महाभारतातील लाक्षागृहाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ते ज्या लाखेचे, ती लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर राहणारा एक खवले किडाच तयार करतो. बांगड्या, पत्रावरील मोहोर आणि लाकडाचे चकचकीत रोगण ह्यांसाठी शतकानुशतके ही लाख वापरली गेली. १९२४ साली रांचीजवळ नामकूम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तसेच निवडुंगावर राहणाऱ्या दुसऱ्या एका खवले किड्यापासून तांबडा रंग मिळतो. हा रंग भारतात तयार करावा ह्या हेतूने इंग्रजांनी १७९५ साली ब्राझीलमधून तो किडा आणविला. पण आला तो त्याचा हलक्या प्रतीचा भाऊबंद. रंगाचा व्यापार काही साधला नाही. मात्र त्या किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. अनपेक्षितपणे घडलेला हा धडा पुढे उपयोगी पडला, आणि पडीक जमिनी व्यापून बसलेल्या दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगावर १९२६ साली सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, दुसरा किडा मुद्दाम आणून दक्षिण भारतात सोडण्यात आला. त्यानेही आपले काम चोख बजावले. तेव्हा कोणताही किडा हा जन्मतः शत्रू किंवा मित्र नसतो. तो कोठे राहतो आणि काय खातो यावर ते ठरते.

कॅलिफोर्नियातील संत्र्यांची कथा

किडीला तिच्या शत्रूकरवी जिंकण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात घडले. सुमारे १८६८ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळील मेन्लो पार्क ह्या गावी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जातीच्या झाडांवर एक नवी खवले कीड आढळली. मादीच्या पाठीमागे कापसाच्या गादीसारखी, उभ्या रेघांची पांढरी पिशवी असते, आणि तिच्यात शेकडो तांबूस अंडी. शास्त्रज्ञांनी तिचे नाव आयसेरिया पर्चेसी असे ठेवले. अंड्यांसाठी ह्या किडीला जोडीदार शोधण्याचीही गरज नसते. एकाच देहात नर व मादी या दोहोंचे कार्य चालते. एक किडा पोहोचला की एक वसाहत पोहोचलीच म्हणून समजावे.

१८८० नंतरच्या दशकात ही कीड दक्षिण कॅलिफोर्नियातील संत्री-लिंबांच्या बागांतून वणव्यासारखी पसरली. झाडे पांढरी पडली आणि वाळू लागली. साबण, रॉकेल, नाना प्रकारच्या फवारण्या झाल्या. झाडावर तंबू उभारून आत विषारी वायू सोडण्याचा उपायही निघाला. पण तो खर्चाचा व धोक्याचा होता. कित्येक बागवानांनी निराश होऊन आपल्या हातांनी लाविलेली झाडे उपटून जाळली.

अमेरिकेच्या शेतीखात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेन्टाइन रायली ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियातील आहे, मग तेथील झाडे तिने का मारली नाहीत? उत्तर एकच संभवत होते. तेथे तिला आवरणारे कोणीतरी असले पाहिजे. कीड समुद्र ओलांडून आली, तिचे शत्रू मागे राहिले. ॲडलेड येथील फ्रेझर क्रॉफर्ड ह्यांना ह्या किडीच्या अंगात वाढणारी एक चिमुकली माशी सापडलीही होती. तेव्हा कोणीतरी ऑस्ट्रेलियास जाऊन तिचे शत्रू आणावे असे ठरले. परंतु अमेरिकेच्या विधिमंडळाने शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांच्या परदेशप्रवासाला पैसा देण्यास मनाई केलेली होती! अखेर १८८८ साली मेलबर्न येथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा त्या प्रदर्शनासाठी मंजूर झालेल्या रकमेतून, प्रतिनिधी म्हणून, आल्बर्ट कोबेल नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला पाठविण्यात आले.

कोबेल २५ ऑगस्ट १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. १५ ऑक्टोबर रोजी उत्तर ॲडलेडमधील एका बागेत त्यांना खवले किडीवर ताव मारणारा, तांबड्या व काळ्या रंगाचा एक लहानसा ढालकिडा दिसला. हाच तो पुढे व्हेडालिया ह्या नावाने जगप्रसिद्ध झालेला किडा. त्या काळी विमाने नव्हती. कीड लागलेल्या डहाळ्यांची शिदोरी देऊन डब्यांत बंद केलेले हे प्रवासी महिनाभर आगबोटीने गेले. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी २८, २९ डिसेंबरला ४४ आणि २४ जानेवारी १८८९ रोजी ५७ असे एकंदर १२९ किडे लॉस एंजेलिसला जिवंत पोहोचले. तेथे कॉकिलेट नावाच्या शास्त्रज्ञाने ते वुल्फस्किल ह्यांच्या बागेत, कापडी तंबूने झाकलेल्या एका संत्र्याच्या झाडावर सोडले.

एप्रिल महिन्यात तंबूची एक बाजू उघडण्यात आली, तेव्हा त्या झाडावर कीड अशी राहिलीच नव्हती. किडे शेजारच्या झाडांवर गेले, तेथून पुढच्या बागांत गेले. बागवान डबे, बरण्या घेऊन येऊ लागले आणि किडे असलेल्या डहाळ्या नेऊ लागले. पुढील दोन खेपा धरून ऑस्ट्रेलियातून एकूण ५१४ ढालकिडे आले होते. १२ जून १८८९ पर्यंत त्यांच्या संततीपैकी १०,५५५ किडे २०८ बागवानांना वाटून झाले होते. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे: मूळ संख्येच्या सुमारे वीसपट किडे केवळ वाटले गेले, आणि जे आपण होऊन उडून गेले त्यांची तर मोजदादच नाही! त्या वर्षाचा शेवट होण्यापूर्वी ज्या किडीपुढे विष आणि आग हरली होती ती बागांतून जवळजवळ नाहीशी झाली. ह्या साऱ्या मोहिमेचा खर्च दोन हजार डॉलरांच्या आत होता. कृतज्ञ बागवानांनी कोबेल ह्यांना सोन्याचे घड्याळ आणि त्यांच्या पत्नीला हिऱ्यांची कर्णभूषणे भेट दिली.

हे यश कशामुळे मिळाले?

एक तर व्हेडालिया जवळजवळ ह्याच एका कुळीतील कीड खातो. दुसरे भक्ष्य नसल्याने तो तिचा शोध घेतल्याशिवाय राहत नाही. दुसरे कारण, त्याची मादी आपली अंडी किडीच्या पिशवीवर किंवा तिच्या आसपास घालते. पिल्ले बाहेर येताच समोर पान वाढलेलेच असते. तिसरे कारण, किडीपेक्षा त्याची पिढी लवकर पुरी होते. चौथे कारण म्हणजे खवले कीड स्वतः पळू शकत नाही.

मात्र तो किडीचा समूळ नाश करीत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कीड समूळ संपली तर तोही उपाशी मरेल. थोडी कीड उरते, थोडे ढालकिडे उरतात. कीड वाढली की तेही वाढतात. तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे हा समतोल चालू राहतो, आणि झाड मधल्यामध्ये सुखाने जगते.

हा तराजू माणसाने एकदा आपल्या हाताने मोडला, तीही कथा बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे नवे औषध बाजारात आले. कॅलिफोर्नियातील काही बागांत १९४६ च्या सुमारास दुसऱ्या किडींसाठी त्याची फवारणी झाली. त्याने व्हेडालिया मेला, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ दबून असलेली पांढरी खवले कीड पुन्हा उसळली. ज्या बागवानांच्या आजोबांनी बरण्यांतून ढालकिडे नेले होते त्यांच्या नातवांवर ते पुन्हा शोधीत हिंडण्याची पाळी आली. फवारणी आवरली तेव्हा समतोल परत आला. भारतातही डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद करण्यात आला.

आपल्या देशातील अनुभव

हीच पांढरी खवले कीड विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निलगिरी पर्वतावरील वाटल नावाच्या झाडांवर आढळली. १९३० च्या सुमारास तेथेही व्हेडालिया सोडण्यात आला व त्याने तेथे आपला जम बसविला.

आमच्या जास्वंदीवरील नारिंगी डोक्याचा भुंगेराही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोलीमस. १८९८ साली न्यूपोर्ट ह्यांनी कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी तो दक्षिण भारतात आणला. त्या किडीवर त्याचा काही प्रभाव पडला नाही. प्रयोग फसला असेच लोकांनी मानले असेल. परंतु तो किडा मात्र येथे मुक्काम करून राहिला आणि पिठ्या ढेकणांचा काळ ठरला. ज्या परीक्षेस बसविले तीत नापास आणि न बसविलेल्या परीक्षेत पहिला, असे विद्यार्थी आम्ही शाळेतही पाहिले आहेत.

२००८ साली कोइमतूर भागात पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण अवतरला आणि पाठोपाठ इतर राज्यांतही पसरला. त्याचे मूळ मेक्सिकोकडचे. २०१० साली बंगळूर येथील शेतीस उपयोगी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिको बेटावरून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणविले. ह्या गांधीलमाशीच्या कुळातील, पण टाचणीच्या डोक्याएवढ्या चिमुकल्या माश्या. त्या किडीला खात नाहीत. तिच्या अंगात अंडे घालतात. पिल्लू आतून किडीला पोखरते आणि मोठे झाल्यावर गोल भोक पाडून बाहेर पडते. त्यांच्यापैकी एका जातीने विशेष पराक्रम केला, आणि पपईच नव्हे, तर तुतीच्या मळ्यांनाही दिलासा मिळाला.

आपल्या सीमाभागातील ऊसकरी कुटुंबांना लोकरी मावा ठाऊक असेलच. २००२ च्या जुलैत तो सांगली भागात दिसला आणि त्याच वर्षी बेळगाव, बागलकोट, विजापूर ह्या भागांत पोहोचला. उसाच्या पानाखाली लोकरीसारखा पांढरा थर, वरच्या पानांवर काजळी! मावा हा खवले किडीचा चुलतभाऊ. म्हणून लक्षणेही तीच. उंच वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे कठीण आणि आरोग्यास धोक्याचे. अशा वेळी डिफा नावाच्या एका पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा किडा ह्यांनी शेतकऱ्यांना हात दिला. कृषी विद्यापीठांनी व साखर कारखान्यांनी हे मित्रकीटक वाढवून, ज्या फडांत ते होते तेथून नसलेल्या फडांत पोहोचविले. येथेही पाने वेचून जाळणाऱ्यांनी माव्याबरोबर आपले मित्रही जाळले असतील, ह्या विचाराने आमच्या मनातील अपराधाची टोचणी किंचित बोथट होते, इतकेच.

सावधगिरीचे दोन शब्द

शत्रूचा शत्रू आणला की काम झाले, असे मात्र कोणी समजू नये. १९३५ साली ऑस्ट्रेलियात उसावरील भुंगेऱ्यांसाठी हवाई बेटांतून एक मोठा बेडूक आणून सोडला. त्याने भुंगेरे फारसे खाल्ले नाहीत. दिसेल ते दुसरे पुष्कळ खाल्ले, आणि त्याच्या अंगातील विषाने त्याला खाणारे तेथील प्राणी मेले. आज तो स्वतःच तेथील मोठी पीडा होऊन बसला आहे. व्हेडालिया आणि हा बेडूक ह्यांतील भेद विद्यार्थ्यांनी मनात ठसवावा. एकाचे अन्न ठरलेले, दुसरा सर्वभक्षी. म्हणूनच आता परदेशी मित्रकीटक सोडण्यापूर्वी तो आणखी काय खाईल ह्याची बंदिस्त जागेत कसून परीक्षा घेतली जाते.

मित्र नेहमी पूर्ण मित्र असतो असेही नाही. आमच्या गोव्याकडे आंब्याच्या पानांची घरटी शिवून राहणारे तांबडे मुंगळे असतात; त्यांना आम्ही कोकणीत हुमले म्हणतो. लहानपणी आंब्यावर चढताना त्यांचा प्रसाद आम्ही भरपूर खाल्ला आहे. चीनमध्ये सुमारे १७०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात असे लिहिले आहे, की संत्र्यांच्या बागांसाठी ह्या मुंगळ्यांची घरटी बाजारात विकली जात. कारण ते फळे नासविणाऱ्या किड्यांना मारतात. परंतु हेच मुंगळे गोड थेंबांच्या लोभाने खवले किडीचे राखणदारही होतात. एका हाताने उपकार, दुसऱ्या हाताने अपकार! निसर्गाच्या दरबारात शुद्ध साधू आणि शुद्ध खलपुरुष क्वचितच आढळतात.

आपण काय करावे?

कीड दिसली की प्रथम पाहावे, नंतर हात लावावा. पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारे भुंगेऱ्याचे पिल्लू ह्यांतील फरक असा: ढेकूण तीन-चार मिलिमीटर लांब, गटाने राहणारा आणि फार मंद, पिल्लू मोठे झाले म्हणजे त्याच्या तिप्पट-चौपट लांब, अंगावर लांब मेणाच्या झिरमिळ्या, आणि डिवचले असता चपळाईने चालणारे. शंका असल्यास आमच्या विद्यार्थिनीप्रमाणे बरणी व फडके घ्यावे आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. खवल्यांवर गोल भोके दिसली तर तेथे परोपजीवी माश्या काम करीत आहेत असे समजावे.

मित्रकीटक अजिबात नसतील आणि कीड थोडी असेल, तर ती फांदी कापून नष्ट करावी. मुंग्यांची वाट बंद करण्यासाठी खोडाभोवती चिकट पट्टा बांधावा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्या. साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळीचे तेल यांचा उपयोग होतो. पण तेही मित्रांच्या अंगावर पडू देऊ नये. घरच्या परसात जालीम विष फवारण्यापूर्वी दहादा विचार करावा. आणि दुसऱ्या गावाहून रोप आणताना त्याची पाने उलटून पाहावी. कारण मेन्लो पार्कची आपत्ती एका रोपावरूनच आली होती.

जास्वंदीचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करू. विहिरीमागील झुडपांवरील काही डहाळ्या, त्यांवरील पिल्लांसह, मुलांनी हलक्या हाताने कापून फाटकाजवळच्या झुडपांना बांधल्या. फाल्गुनात शेंडे सरळ वाढू लागले. यंदाच्या चतुर्थीला फुले आली. पूर्वीइतकी नव्हेत, पण शाळेच्या गणपतीपुरती पुष्कळ आली. झुडपांवर कोठे कोठे पिठ्या ढेकूण अजून आहे, आणि तो थोडा राहणारच, हे आता आम्हांला कळले आहे.

आठवीच्या मुलांनी आमची आज्ञा निमूटपणे पाळली, ह्याबद्दल त्यांना दोष नाही. दोष आज्ञा देणाऱ्याचा. परंतु एका मुलीने आज्ञा पाळता पाळता डोळे उघडे ठेवले, म्हणून पाच झुडपे वाचली आणि एका शिक्षकाचे अज्ञान थोडे कमी झाले. विद्यार्थिमित्रहो, गुरूंचे ऐकावे. पण त्यांनी पांढरे ते सारे वेचा म्हटले, तर एक बरणीत घालून ठेवावा. इत्यलम्.